फर्निचरचा स्प्रे गाडीच्या रंगावर चालतो का? बाबांची सीडी १०० दसऱ्याच्या आत चमकवायचीय

भांडुपकर_८८

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय कारण दसऱ्याला बाराच दिवस राहिलेत. आमच्याकडे बाबांची हिरो होंडा सीडी १०० आहे, काळी, १९९४ चं मॉडेल, मिल बंद पडल्यावर बाबांनी दुसरी नोकरी धरली तेव्हा सेकंड हँड घेतलेली. गेली चार वर्षं बिल्डिंगखाली ताडपत्रीत उभी होती, गुडघ्यांमुळे बाबा आता चालवत नाहीत. यंदा मी कार्ब्युरेटर साफ करून घेतला, प्लग बदलला, चौथ्या किकला सुरू झाली आणि बाबा गॅलरीत येऊन उभे राहिले, मी काही सांगितलं नव्हतं, त्यांना आवाजावरून कळलं.

आता प्रश्न रंगाचा. टाकी आणि दोन्ही साइड कव्हर पार राखाडी पडलेत. ओल्या फडक्याने पुसलं की काळीभोर दिसते, वाळली की परत राखाडी. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले की लाकडी कपाटाला मारायचा लिंबाच्या वासाचा स्प्रे मिळतो तो मार, ते त्यांच्या गाडीला तेच मारायचे. बायकोने टीव्ही युनिटसाठी आणलेला घरात होताच, म्हणून डाव्या साइड कव्हरच्या अर्ध्या भागावर मारून बघितला. खरं सांगतो, पॅसेजमधली ट्यूबलाइट त्यात सरळ दिसायला लागली. बोट ठेवलं तर घसरत जातं. बाबांना दाखवलं तर ते काहीच बोलले नाहीत, नुसतं बघत राहिले.

पण तीन दिवसांनी सकाळी बघतो तर नेमक्या त्याच अर्ध्या भागावर धूळ, बोटाने ओढली तर रेघ उठली, बाजूच्या अर्ध्यावर तेवढी नाही. आमच्या समोर एलबीएस रोडवर मेट्रोचं काम चालूए त्यामुळे धूळ असतेच, पण एवढा फरक कशाने? आणि सगळ्या गाडीला मारलं तर रंगाला काही नुकसान होतं का? माझी स्वतःची नवीन बाइक मॅट काळी आहे, तिला मारला तर चालेल का तेही सांगा.

पावसाळी_रायडर

बिनधास्त मार भावा. मी चार वर्षं मारतोय माझ्या १५० सीसीला, टाकीला, मडगार्डला, समोरच्या काचेला पण. माळशेजवरून रात्री परत आलो की काचेवर किडे चिकटलेले असतात, ते त्याने पटकन सुटतात. रंग उडाला नाही, तडा गेला नाही. गाडीचं म्हणून जे विकतात त्याच्या तिप्पट बाटली त्याच पैशात येते. बाहेरच्या देशात तर मोठमोठ्या टूरिंग बाइकवाले पण प्लेज नावाचा फर्निचरचा स्प्रेच वापरतात, कित्येक वर्षांपासून.

गन_आणि_सरफेसर

माझं आयुष्य डेंटिंग-पेंटिंगमधे चाललंय, आधी वडिलांचं गॅरेज कुर्ल्याला सीएसटी रोडजवळ आणि आता माझं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच लिहिलंयस. ओली असताना काळी, वाळली की राखाडी. म्हणजे रंग गेलेला नाही, वरचा पापुद्रा उन्हाने मेलाय आणि खडबडीत झालाय. त्या खडबडीवर उजेड पडला की तो चारी दिशांना फुटतो म्हणून डोळ्याला राखाडी दिसतं. पाणी ते बारीक खड्डे भरतं, वरून सपाट होतं, उजेड सरळ परत येतो आणि काळं दिसतं. फर्निचरच्या स्प्रेमधे बहुतेक सिलिकॉन तेल असतं, ते पाण्याचंच काम करतं, फक्त पाण्यासारखं उडून जात नाही. म्हणून चमक आली. रंग सुधारला नाही, तेलाने झाकला गेला. आणि तेल ओलसर राहतं म्हणून धूळ बसली, यात नवल काहीच नाही. पुढे तीच धूळ तू सुक्या फडक्याने पुसणार आणि ती सिमेंटची वाळू रंगावर गोल गोल फिरवणार, मग जे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे पडतात ते तेलाने जात नाहीत.

आता नुकसानीचं. रायडर म्हणतात ते खोटं नाही, रंग लगेच जळत नाही, फुगत नाही. भोगावं लागतं ते गाडी परत रंगवायची वेळ येते तेव्हा. मागच्या वर्षी एक टाकी आली होती, मालकाने कितीतरी महिने घरातला स्प्रे मारलेला, आम्हाला बोलला नाही. आम्ही नेहमीसारखी घासली, लांबी म्हणजे पुट्टी भरली, सरफेसर म्हणजे रंगाखालचा थर मारला, रंग मारला. रंग मारल्या मारल्या एक-दोन सेकंद सपाट बसला आणि मग मधेच उघडायला लागला. मुगाच्या डाळीएवढे गोल, एकामागून एक, कडेला रंग गोळा होऊन बारीक बांध येतो आणि तळाला सरफेसरचा करडा दिसतो. याला आम्ही फिश आय म्हणतो. सिलिकॉनवर ओला रंग पसरतच नाही, अंग चोरून मागे सरतो. वाईट म्हणजे थिनरने पुसलं तर ते निघत नाही, पसरतं, आणि पॉलिश पेपरने घासलं तर पेपरबरोबर चांगल्या भागात जातं. ती टाकी आम्ही तीनदा उतरवली. तिसऱ्यांदा माझा कारागीर, वीस वर्षं गन धरलेला माणूस, गन खाली ठेवून बाहेर जाऊन बसला.

मोठ्या कार कंपन्यांच्या पेंट शॉपमधे कामगारांना डिओ, केसाचं जेल, हँड क्रीम लावून आत येऊ देत नाहीत, कारण त्यात सिलिकॉन असतं आणि हवेतून एवढंसं जरी बॉडीवर बसलं तरी खड्डा पडतो. यावरून समज.

मॅटला अजिबात नको. मॅट रंग मुद्दाम खडबडीत केलेला असतो, तीच त्याची शोभा. तेल बसलं की कुठे चमकतो कुठे नाही, असे डाग पडतात आणि मॅटला बफिंग करता येत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच.

सुतारपक्षी_ओशिवरा

एक वेगळीच गोष्ट सांगायचीय आणि ती कुणी बोललं नाही म्हणून मुद्दाम लिहितो. मी फर्निचर पॉलिशचं काम घेतो. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "फर्निचर पॉलिश द्या" म्हणालात तर तो तुम्हाला स्प्रे देणार नाही, तो देईल फ्रेंच पॉलिश, म्हणजे चपडा स्पिरिटमधे विरघळवलेला, लाखेचा. किंवा मेलामाइन देईल, किंवा पीयू. हे पुसायचं पॉलिश नाहीच, हा लाकडावर चढवायचा थर आहे. रंगासारखा बसतो आणि वाळतो.

आमच्या इथे एका मुलाने खरंच स्कूटीच्या मडगार्डला बनियनच्या फडक्याने चपडा चढवला होता. पहिल्या दिवशी लालसर झाक येऊन छान दिसलं. मग परतीचा पाऊस आला. जुन्या टेबलावर ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं ना, तसं अख्ख्या मडगार्डवर पांढरं फटक. चपड्याला पाणी सोसत नाही. मी स्पिरिटने हलक्या हाताने काढून दिलं, चपडा स्पिरिटमधे परत विरघळतो म्हणून निघालं तरी, मेलामाइन असतं तर असं निघालं नसतं, घासावंच लागलं असतं.

तर कुणीही हा धागा वाचून दुकानात पळण्याआधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि स्प्रेबद्दलही सांगतो, आम्ही सुतारलोक सुद्धा सिलिकॉनवाला स्प्रे घरच्या लोकांना मारू देत नाही, कारण परत पॉलिश करायची वेळ आली की लाकडावरही तसेच डोळे पडतात. गनदादा सांगतायत ते दुःख आमचंही आहे.

पावसाळी_रायडर

गन भाऊ, मान्य, पण गाडीचं म्हणून जे पॉलिश मिळतं त्यात पण सिलिकॉन असतंच ना? टायर काळा करायचं तर नुसतं सिलिकॉनच असतं. मग फर्निचरवालंच का वाईट?

गन_आणि_सरफेसर

बरोबर प्रश्न आहे, आणि हो, बऱ्याच गाडीच्या पॉलिशमधे असतं. म्हणून तर आम्ही गाडी आली की आधी विचारतो काय काय मारलंय आणि घासायच्या आधी, पेपर लावायच्या आधी, दोन फडकी घेऊन सिलिकॉन रिमूव्हरने पुसतो, एक ओलं लावायला आणि लगेच दुसरं कोरडं उचलायला. तू चार वर्षं मारलंयस, ठीके, पुढे कधी रंगवायला दिलीस तर त्या माणसाला तोंडाने सांग. निम्मा त्रास न सांगितल्यामुळे होतो.

फरक एवढाच की गाडीच्या पॉलिशमधे कापणारी बारीक पावडर असते, ती मेलेला थर काढते. वॅक्स असतं ते वर बसतं आणि पाणी-ऊन अडवतं. कार्नोबा वॅक्स म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण, ऐंशी अंशाच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून उन्हात तापलेल्या टाकीवर पण टिकतं. फर्निचरचा स्प्रे बनवलाय घरातल्या कपाटासाठी, ज्याच्यावर कधी ऊन नाही, पाऊस नाही. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्यापुढे तो काय टिकणार.

कांजूरची_ड्रायव्हर

मला रंगाचं फार कळत नाही, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्प्रे म्हणजे तो जिथे मारतो तिथेच बसत नाही, हवेत उडतो. माझ्या भावाने गाडी चमकवायची म्हणून उभ्या गाडीवर सगळीकडून मारला, टाकीला, सीटला, समोरच्या मडगार्डला. मडगार्डच्या खाली डिस्क आहे हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या उतारावरून निघाला, गेटपाशी ब्रेक दाबला तर लिव्हर घट्ट पण गाडी थांबेना, आणि आचका बसला तसा सीटवरून पुढे टाकीवर घसरला कारण सीट पण गुळगुळीत झालेली. वॉचमनने लोखंडी गेट उघडं ठेवलं होतं म्हणून वाचला, नाहीतर त्याच्यावरच आदळला असता. मेकॅनिकने डिस्क साफ केली पण पॅड बदलायलाच लागले, पॅडमधे तेल मुरलं की ते साफ होत नाही म्हणाला.

मी स्वतः कारच्या पुढच्या काचेवर मारला होता दोन वर्षांपूर्वी, पाणी ओघळून जाईल म्हणून. जुलैमधे रात्री ईस्टर्न एक्सप्रेसवर वायपर फिरला की तेलकट पट्टा उठायचा आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक लाइटचा मोठा झगझगीत गोळा व्हायचा. विक्रोळीपासून घरापर्यंत मी वीसच्या स्पीडने आले, मागे मुलगी झोपलेली. कृपा करून काच, सीट, टायर, ब्रेक, फूटरेस्ट यांच्या जवळ हे नेऊ नका. हेल्मेटच्या काचेला पण नको, ती पॉलिकार्बोनेटची असते, असल्या सॉल्व्हंटने तिला बारीक तडे जाऊ शकतात, साबण-पाणी पुरतं.

पावसाळी_रायडर

ताई, हे वाचून खाली जाऊन बघितलं. मी फडक्यावर मारून मग पुसतो म्हणून डिस्क वाचली असेल. समोरच्या काचेवरचं मात्र आजच काढतो, पावसात रात्री चकाकतं ते मला वाटायचं काच जुनी झाली म्हणून.

भांडुपकर_८८

सगळ्यांचे मनापासून आभार. सीडीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत आणि मी फक्त साइड कव्हर काढून हातात घेऊन मारलं होतं त्यामुळे बाकी कुठे गेलं नसावं. मॅटला हात लावत नाही आता.

गनदादा, दोन प्रश्न. एक, जे मारलंय ते काढू कसं? दोन, रबिंग कंपाउंड, म्हणजे ती घासायची पेस्ट, मारू का, कारण पांढऱ्या फडक्याने टाकी जरा जोरात घासली तर फडकं काळं झालं, मी घाबरून थांबलो, रंगच निघतोय की काय. परत रंगवायची नाही, बाबांना तोच रंग हवाय, टाकीवरचं स्टिकर पण मूळचं आहे.

गन_आणि_सरफेसर

घाबरू नकोस, उलट बरं झालं बघितलंस. फडकं काळं झालं म्हणजे वर लॅकर नाही, सरळ रंगच आहे, आणि निघतोय तो मेलेला काळा. खालचा जिवंत आहे. हल्लीच्या कारला रंगावर पारदर्शक लॅकर असतं, तिथे फडकं रंगत नाही. पण एक लक्षात ठेव, गाडीच्या अंगावरचा सगळा थर प्रायमरपासून धरून शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो, मिलिमीटरचा दहावा हिस्सा, तुझ्या गाडीचा तर तीस वर्षांत अजून झिजलेला असणार. दर वर्षी घासायची चैन नाही. एकदा करायचं, नीट करायचं आणि मग सांभाळायचं.

आधी सगळी गाडी पाण्याने भिजवून धूळ सोड, घासू नकोस. मग शॅम्पू, दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची, नाहीतर तीच वाळू परत रंगावर येते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नकोस, पांढरे डाग बसतात, नळाचं तलावाचं पाणी चांगलं. ज्या कव्हरला स्प्रे मारलाय ते भांड्याच्या लिक्विडने दोनदा धू, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून मऊ फडक्याने पूस, प्रत्येक वेळी फडक्याची नवीन बाजू. थिनर नको म्हणजे नको. जुन्या रंगावर एनसी थिनर लागलं तर रंग विरघळून फडक्यावर येईल आणि मग माझ्याकडे येऊन पण उपयोग नाही.

ओळखायचं कसं निघालं ते, पाणी शिंपड. तेल असेल तिथे मणी होऊन पळतं, निघालं असेल तिथे सपाट पसरतं.

मग स्टिकरला आणि टाकीच्या कडांना मास्किंग टेप लाव. कडेला रंग सगळ्यात पातळ असतो, घासताना पत्रा तिथेच पहिला दिसतो. जाड रबिंग कंपाउंड नको, सगळ्यात बारीक पॉलिश घे, सावलीत, टाकी हाताला गार लागली पाहिजे, वाटाण्याएवढं फडक्यावर, वीतभर जागा, हाताने, मशीनने नाही. फडकं काळं होत राहील, दर थोड्या वेळाने बदल. तुला हवी तेवढी चमक आली की थांब, अजून थोडं अजून थोडं करत बसू नकोस, तिथेच लोक रंग फोडतात. शेवटी वॅक्स, पातळ हात, धुरकट झालं की पुसून टाक. वॅक्सशिवाय सोडलीस तर उघडा पडलेला रंग पुढच्या मेपर्यंत परत राखाडी होईल.

आणि दसऱ्याचं म्हणून सांगतो, ओलं हळदकुंकू टाकीवर लावू नका. दर दसऱ्यानंतर माझ्याकडे चार तरी गाड्या स्वस्तिक काढायला येतात, जुन्या रंगात हळद मुरली की पिवळी सावली राहतेच. हेडलाइटच्या काचेवर नाहीतर नंबर प्लेटच्या कोपऱ्यात लावा, देवाला पोचतं. झेंडूचा हार रात्री काढून ठेवा, भिजलेली फुलं रंगावर सडू देऊ नका. कबुतराची घाण दिसली की त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून उचला, त्यात आम्ल असतं, दोन उन्हात रंगात खड्डा करते.

सुतारपक्षी_ओशिवरा

फडकं जुन्या सुती बनियनचं घ्या, पण शिवण आणि लेबल कापून टाका. आमच्या कामात एका शिवणीने अख्खं दार रेघाळलेलं बघितलंय.

भांडुपकर_८८

मंडळी, कालच दसरा झाला, कळवायचं राहिलं होतं. गनदादांनी सांगितलं तसं दोन रविवार घालून केलं. टाकीला पहिल्या दिवशी पाच फडकी काळी झाली, एवढा मेलेला रंग असेल वाटलं नव्हतं. उजव्या बाजूला जिथे बाबांचा गुडघा टेकायचा तिथे एक वाटीएवढा भाग जास्त पातळ आहे, काळ्यातून तांबूस प्रायमर झिरपल्यासारखा दिसतो, तिथे मी पॉलिश लावलंच नाही, नुसतं वॅक्स लावून सोडलं. डाव्या कव्हरचं तेल निघायला तिसऱ्यांदा धुवावं लागलं, पाणी मण्यासारखं पळायचं थांबेना. आता दोन्ही कव्हर सारखी दिसतात. स्प्रे मारलेला तेव्हासारखी आरशासारखी चमक नाही, पण काळी आहे आणि वाळल्यावरही काळीच राहते. चार दिवस झाले, धूळ फुंकरीने उडते.

बाबा पूजेला खाली आले, दोन मजले, कठडा धरून. कुंकू त्यांनी स्वतःच हेडलाइटच्या काचेवर लावलं, मी काही सांगायच्या आत. मग टाकीवर हात फिरवला, त्या पातळ भागावर जरा थांबला, आणि खाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, पेट्रोलचा कॉक बंद केलायस का. मी चालूच ठेवला होता. त्यांनीच बंद केला.